हिरवी पट्टी

देवेंद्र पोफळे माणसं अंगठ्यावरून ओळखायचा. नावं आणि चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. पण फोनच्या काचेवर अंगठा कुठे टेकतो, पान अडलं की तो तिथंच घासत बसतो की जागा बदलून पाहतो, हे तो मोहालीच्या बसमध्ये दांडीला लोंबकळत न्याहाळायचा आणि मनातल्या मनात निकाल लावून मोकळा व्हायचा. बहुतेक सगळे नापास व्हायचे. त्यानं त्याला बरं वाटायचं.

मूळचा दारव्ह्याचा. अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात वर्ष-दीड वर्ष काढलं आणि मग इकडे पंजाबकडे आला. इथं ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून टिकला. मोहालीच्या कंपनीत त्याचं काम एकच: दुसऱ्यांनी बिघडवलेली वेबपानं जागेवर आणणं. पान वर सरकवलं की मथळा मजकुरावर चढतो. यादी अर्ध्यात थांबते आणि तिच्या पोटातली दुसरीच यादी सरकायला लागते. कोपऱ्यातलं बटण भलत्याच चित्राखाली गडप होतं. असली दुखणी टेबलाटेबलावरून फिरत शेवटी त्याच्याकडे यायची, आणि तोवर चौघांनी आपापला लेप लावून ठेवलेला असायचा. एक चौकट दुसरीच्या वर दिसावी म्हणून एकानं तिला हजाराचा आकडा दिलेला, दुसऱ्यानं दहा हजारांचा, तिसऱ्यानं लाखाचा, जणू लिलाव चाललाय. देवेंद्र कुणाशी न बोलता सगळे आकडे पुसून टाकायचा. ती चौकट मुळात राहायलाच खालच्या मजल्यावर असायची, आणि तळमजल्यावरच्यानं कितीही उंच टोपी घातली तरी तो माडीवर पोचत नाही. एवढी साधी गोष्ट. पण ती तो कुणाला समजावत नसे. "पोफळे जी, कैसे किया?" असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "हो गया ना? बस."

समजावून सांगणं हे त्याच्या लेखी दान होतं, आणि ते घेण्याच्या लायकीचं त्याला या गावात कुणी भेटलं नव्हतं. वरिष्ठानं किंवा गिऱ्हाइकानं मूर्खासारखं काही मागितलं तर तो वाद घालत नसे. मागितलेलं जसंच्या तसं, तसूभरही न ढळता करून द्यायचा आणि ते पान कसं तोंडघशी पडतं ते लांबून बघायचा. याला तो स्वाभिमान म्हणायचा.

त्याची बायको मीनाक्षी यवतमाळची, बी.एड. झालेली. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिनं मनीमाजऱ्यातल्या दोन खोल्यांत, खालच्या गल्लीतले हातगाड्यांचे आवाज ऐकत काढली. मग सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये तिला काउन्सेलरची जागा मिळाली. आईबापांचे फोन घ्यायचे, पोराला काय झेपेल ते हळूच काढून घ्यायचं, कोर्स समजावायचा, प्रवेश पक्का करायचा. पंजाबी ती तिथंच शिकली. या गावात तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एक टेबल होतं आणि त्यावरचा एक फोन.

क्लासच्या मालकांना, सिंगला सरांना, नवं वेबपान हवं होतं. मीनाक्षीनं मोठ्या तोऱ्यात नवऱ्याचं नाव सुचवलं. देवेंद्र भेटायला गेला तेव्हा सिंगलांनी त्याला बराच वेळ बाहेर बसवून ठेवलं आणि मग राजमा-चावल खाता खाता आत बोलावलं.

"देखो जी," ते बोटं चाटत म्हणाले, "ऊपर हमारे टॉपर्स के फोटो, हमेशा. नीचे हरी पट्टी, हमेशा. पट्टी पे हमारा नंबर. टच हुआ, कॉल गया. पब्लिक को उँगली उठाने का टाइम नहीं देना."

"और बीच में?"

"बीच में वही, फॉर्म-वॉर्म. वो आप देख लेना. आप हाथ चलाओ, दिमाग हमारा लगेगा."

देवेंद्रनं मान डोलावली. त्या शेवटच्या वाक्यावर त्याचं मनातून ठरून गेलं.

पान त्यानं सांगितल्याबरहुकूम केलं. वर टॉपर डकवलेले, खाली पट्टी डकवलेली, आणि अर्ज मधल्या चौकटीत, आतल्या आत सरकणारा. मीनाक्षी पोळ्या लाटत होती तेव्हा त्यानं ते तिच्या फोनवर उघडून पाहिलं. तिचा फोन लहान आणि जुना. चाळिशी लागली तरी चष्मा करायचा राहिला होता, म्हणून अक्षरं मोठी करून ठेवलेली. त्या काचेवर टॉपरांचे दात विचकलेले चेहरे ऐसपैस पसरले, हिरवी पट्टी खालून फुगून वर आली, आणि दोन्हींच्या मधे काडेपेटीएवढी फट उरली. पान सरकायचं ते फक्त त्या फटीत बोट ठेवलं तर. पण एका हातात फोन धरलेल्या माणसाचा अंगठा खालीच जातो. त्याचा स्वतःचाही गेला. तो वर ओढायच्या आत पट्टीनं धरला आणि क्लासचा नंबर समोर येऊन उभा राहिला. त्यानं तो घालवला आणि पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा नंबर. मग त्यानं अंगठा आखडून उजव्या कडेला, वरच्या अंगाला, बरोब्बर फटीत ठेवला. पान मुकाट सरकलं.

औषध त्याला ठाऊक होतं. अख्खं पान सरकू द्यायचं, टॉपरांना त्याच्याबरोबर वर जाऊ द्यायचं, पट्टी अर्जाच्या तळाशी टाकायची आणि बोट उचललं तरच नंबर लावायचा. अर्ध्या तासाचं काम.

"सिंगलाची लायकी एवढीच," तो मनाशी म्हणाला. फोन त्यानं कट्ट्यावर जागच्या जागी ठेवला आणि पान आहे तसं चढवून दिलं.

दहावी-बारावीचे निकाल लागले. मीनाक्षीचा फोन खणखणू लागला. पहिले काही दिवस ती खुशीत होती. मग संध्याकाळी घरी येऊन नुसतीच खुर्चीत बसायला लागली.

"काय झालं?"

"फोन येऊन राहिले नं, थांबतच नाहीत. उचलला की समोरचा म्हणते, आम्ही लावलाच नाही. एक बाई तर माझ्यावरच चिडली, तुम्हीच सारखा करता म्हणे. ज्यांना खरंच बोलायचं आहे त्यांना लाइन भेटत नाही." मग तिनं विचारलं, "मीही दिवसभर करून पाहिलं, सरकतच नाही. तुमच्या पानात तर काही नाही?"

"पानात काय असणार?" तो ताटातून वर न बघता म्हणाला. "लोकांना अक्कल नाही. बोट कुठं ठेवावं ते कळत नाही आणि पोरांना डॉक्टर करायला निघालेत."

तिचा त्याच्यावर विश्वास होता. बाकी काही नाही तरी कामात हा माणूस लबाडी करणार नाही, असं तिनं लग्नानंतर कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि ते पुन्हा तपासलं नव्हतं.

सिंगलांचा हिशेब सरळ होता. कॉल तिप्पट आले, प्रवेश निम्मेही नाहीत. म्हणजे पान झकास चाललंय आणि फोनवरची बाई कुचकामाची आहे. त्यांनी मीनाक्षीला तोंडावर सांगितलं, की तिचं टेबल ते शनिवारी दुसऱ्या कुणाला देणार. ती म्हणाली, चूक लोकांच्या बोटांची आहे, माझी नाही. माझ्या मिस्टरांनी पान केलंय, त्यांना बोलवा, त्यांच्याच तोंडून ऐका.

"तुम्ही या शनिवारी," तिनं घरी सांगितलं. "मी तुमच्या भरवशावर बोलून बसली."

तो गेला. जाताना त्याची भीती एवढीच होती, की सिंगला पुन्हा बसवून ठेवील.

या खेपेला सिंगलांनी लगेच आत घेतलं. मीनाक्षीनं बाहेरच्या बाकावरच्या एका पालकाला बरोबर आणलं. मनीमाजऱ्यात त्याचं सिमेंट-सळ्यांचं दुकान होतं. अर्ज भरता येईना म्हणून गल्ला सोडून आला होता. तिनं त्याला म्हटलं, "भाई साहब, जैसे घर पे किया था, वैसे ही करके दिखाइए."

त्या माणसानं फोन काढला. सिमेंटनं भेगाळलेला अंगठा, नख तुटलेलं. देवेंद्रनं त्याला पाहताक्षणी नापास केलं. अंगठा खाली टेकला, हिरव्या पट्टीवर. नंबर आला. तो घालवायला त्यानं गडबडून जे दिसलं ते दाबलं, आणि दिसायचं ते कॉलचं हिरवं बटणच. बाहेर मीनाक्षीच्या टेबलावर फोन वाजायला लागला.

"मैंने नहीं किया, मैडम जी," माणूस ओशाळून म्हणाला. त्यानं पुन्हा ओढून पाहिलं. बाहेर पुन्हा फोन वाजला.

सिंगला हसले. "पब्लिक, जी. पब्लिक."

देवेंद्रही हसला. हे हसणं त्याच्या ओठांवर कायम तयार असायचं.

मीनाक्षी हसली नाही. तिनं आपला फोन काढला, पान उघडलं आणि देवेंद्रपुढे धरलं. "तुम्ही करा. ह्यांना दाखवा कसं करायचं ते."

त्यानं फोन घेतला. विचार केला असता तर कदाचित त्यानंही अंगठा खाली ठेवला असता. पण त्यानं विचार केला नाही. अंगठा आपणहून आखडला आणि उजव्या कडेला, वरच्या अंगाला, काडेपेटीएवढ्या फटीत अचूक जाऊन बसला. पान सरकलं. नाव, पत्ता, विषय, सगळा अर्ज सुळसुळत वर गेला.

"लो," सिंगला म्हणाले, "मक्खन की तरह चल रहा है. मैडम, अब बोलो."

मीनाक्षी पानाकडे बघतच नव्हती. ती त्या अंगठ्याकडे बघत होती. तिच्या फोनवर, तिच्या मोठ्या अक्षरांत, जी जागा तिला दिवसभर चाचपडून सापडली नव्हती, ती त्याला न शोधता सापडली होती.

खोलीत एसी घुमत होता. देवेंद्रनं काही म्हणायचं तर ही वेळ होती. सिमेंटवाला एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिला. देवेंद्रनं फोन टेबलावर ठेवला आणि रुमाल काढून हात पुसले.

शेवटी तीच म्हणाली, "सर, पेज में खराबी है. आज ही ठीक हो जाएगी. दस दिन देख लीजिए, फिर मेरा टेबल जिसे देना है दे दीजिए." मग दुकानदाराकडे वळली. "आइए भाई साहब, आपका फॉर्म मैं भरवा देती हूँ."

घरी जायला त्यांनी रिक्षा केली. मनीमाजऱ्याच्या वळणावर तिनं विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." मग, पुढे काहीतरी घालावं म्हणून, "तो सिंगला कसा बोलला तुला माहीत नाही. दिमाग हमारा लगेगा, म्हणे."

"आणि टेबल कोणाचं होतं?"

तो रिक्षावाल्याला घराची गल्ली दाखवू लागला.

"मी सांगत फिरली बाप्पा, लोकांना अक्कल नाही म्हणून. तुमचं वाक्य." ती रस्त्याकडे बघत होती. "तुम्ही नुसते मूर्ख असते तर चाललं असतं."

दुपारी त्यानं पान दुरुस्त केलं. अर्धा तासही लागला नाही. टॉपर पानाबरोबर वर निघून गेले, पट्टी तळाला जाऊन बसली. फोन शांत झाले आणि जे आले ते बोलण्यासाठी आले. प्रवेश भरू लागले. आठवडा उलटला आणि सिंगलांना कॉल कमी झाल्याचं दिसलं, तेवढंच दिसलं. त्यांचा निरोप आला: जुनी पट्टी परत लावा.

मीनाक्षीनं तो भाजी निवडता निवडता सांगितला. आवाजात काही नव्हतं. "जे मागतील ते देता नं तुम्ही? द्या मग."

देवेंद्रनं सिंगलांना फोन लावला आणि आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते करायला बसला. समजावून सांगायला. अंगठा खालीच का जातो. पानाच्या पोटात दुसरं सरकतं पान ठेवलं की बोट कुठं फसतं. कॉल म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. सिंगला मधेच दुसऱ्या कुणाशी बोलत, मग म्हणत, "फिर से बोलो जी." तो फिरून पहिल्यापासून सांगे. "सर, मान लीजिए दुकान का दरवाज़ा..." अशी सुरुवात करून त्यानं दाराची एक उपमाही दिली. ती त्याला स्वतःलाच इतकी बाळबोध वाटली की त्याचे कान तापले. मीनाक्षी मेथीची पानं खुडत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

"यार, आपकी बात समझ में नहीं आती," शेवटी सिंगला म्हणाले. "मैडम को पूछता हूँ. वो ढंग से बताती हैं."

मिनिटभरात मीनाक्षीचा फोन वाजला. तिनं हात पुसले, मग उचलला.

"हाँ जी सर. जैसा है वैसा रहने दीजिए. एडमिशन देखिए, कॉल मत गिनिए." तिकडून काहीतरी लांबलचक आलं. "जी, सोमवार को बैठते हैं. मेरे ही टेबल पे."

तिनं फोन ठेवला आणि मेथीच्या काड्या कागदात गोळा केल्या.

पुढच्या महिन्यात देवेंद्रकडे कंपनीचं एक पान आलं, कुठल्याशा दवाखान्याचं. वर पट्टी, खाली पट्टी, मधे फट. त्यानं ते नीट केलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तुझा फोन दे जरा. बघायचं आहे."

"बावीसच्या मार्केटात जुने फोन भेटतात," ती कुकरचं झाकण लावत म्हणाली. "घेऊन या एक."

रविवारी तो सेक्टर बावीसला गेला आणि लहान काचेचा, ओरखडे पडलेला एक फोन घेऊन आला. अक्षरं त्यानं दुकानातच मोठी करून घेतली.