पास्कूची बाजू

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याशी भांडायलाच निघालो होतो. शनिवारची सकाळ, इथे गल्फमध्ये अजमानच्या घरात बूट घालून दाराशी उभा. फोनवर त्याची मुलगी. म्हणाली, "तात्या अंकल, डॅडी गेले. झोपेतच." मी म्हटलं, "अगं, पण मी निघालोय ना तिकडे..." काय बोललो ते माझं मलाच कळलं नाही. मग तसाच बसस्टॉपवर गेलो. दर शनिवारी जातो, त्याही शनिवारी गेलो.

पास्कू वसईचा ख्रिश्चन, मी देवगडचा. चौथीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या गावात दोन मतं आहेत. खोर फक्कानच्या बंदरात मी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचो आणि तो शिपिंगच्या ऑफिसात कागद बघायचा. जेवायला एकत्र बसायचो ते मासळीमुळे आणि उठायचो ते भांडून. पुढे दोघेही रिटायर झालो, मी मुलाकडे अजमानला आलो, तो मुलीकडे अल मनखूलला. त्याच्या बायकोच्या, मार्थावहिनींच्या हातचं कालवण आणि पास्कूशी वाद, हा माझा शनिवार.

शेवटचा वाद बरेच महिने चालला. तिकडे समुद्रापलीकडच्या एका मोठ्या देशाच्या अध्यक्षाने हुकूम दिला होता, अमली पदार्थ नेणाऱ्या होड्या सैन्याने उडवून द्याव्यात. टीव्हीवर दाखवायचे. लहानशी होडी पळतेय, मग एकदम उजेड, मग धूर. मी टाळी वाजवली. का वाजवू नये? माझ्या बहिणीचा मुलगा गर्दने गेला. मुंबईला त्याला पोचवायला गेलो तेव्हा पास्कू रजा टाकून माझ्याबरोबर आला होता, त्यामुळे त्याला काही सांगावं लागत नव्हतं. तो टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "तुझा राग बरोबर आहे, तात्या. पण रागाच्या हातात सैन्य द्यायचं का?"

मी म्हटलं, "तो देशाचा प्रमुख आहे. त्याने नाही हुकूम द्यायचा तर कोणी, तू?"

"प्रमुख आहे, मालक नाही. हे युद्ध आहे म्हणतो ना, मग लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला आधी विचार. युद्ध नसेल तर ते गुन्हेगार झाले. पकड, कोर्टात उभे कर. याला विचारायचंही नाही, पकडायचंही नाही. एकट्याने बोट दाखवायचं आणि खलास."

"कोर्टात वर्षं जातात. तोवर पोरं मरतात."

"जातात वर्षं," पास्कू म्हणाला. "पण न विचारता मारायची सवय एकदा लागली, की होडीत काय होतं तेही तोच सांगणार. बुडालेली होडी काय बोलणार?"

आणि मग त्याने आमच्या होडीची गोष्ट काढली. ते प्रकरण असं. खोर फक्कानला असताना ओळखीच्या एका अरबाची होडी घेऊन आम्ही दिब्ब्याला निघालो होतो. तिथल्या हॉटेलात पास्कूचा भाऊ कामाला होता, त्याच्यासाठी वहिनींनी वर्षाचा मसाला दिला होता. पाकिटं मी बांधली होती. आपला माणूस गल्फमधून सामान पाठवताना ते कसं बांधतो, सगळ्यांना माहीत आहे. वरून प्लॅस्टिक, त्यावर तपकिरी टेप, त्यावर परत टेप, वीट वाटावी इतकं घट्ट. टाकीच्या काट्यावर माझा विश्वास नसतो म्हणून पेट्रोलचे जादा कॅनही घेतले होते. मागून गस्तीची बोट भोंगा वाजवत आली. मला वाटलं, वाट मागतायत. म्हणून मी इंजिन वाढवलं. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्यांनी गाठलं. बंदुका रोखून दोघांना हात वर करायला लावले. एका तरुण अधिकाऱ्याने पाकीट उचललं, "शू हादा?" हे काय, म्हणून विचारलं. पास्कूने सांगितलं, "मसाला, हबीबी. माय वाइफ मेड." त्याने चाकूने टेप कापली, नाकाशी नेलं, आणि शिंकत सुटला. डोळ्यांतून पाणी. बाकीचे शिपाई हसायला लागले. शेवटी तोही हसला, "यल्ला, जा," म्हणाला. आम्ही गेलो. दिब्ब्याला पोचून जेवलो.

"आता सांग," पास्कू म्हणाला, "वरून विमानातून बघणाऱ्याला आपण काय दिसलो असतो? जादा पेट्रोल, टेप मारलेल्या विटा, आणि वर तू पळत होतास."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "आणि माझा मसाला गेला असता, त्याचं कोणाला काही नाही."

मी हरलो असं म्हटलं नाही. तोही म्हणाला नाही. लिफ्टपर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "आठवडाभर विचार कर, पुढच्या शनिवारी नवीन काहीतरी आण." मी आणलंही होतं... पण ते राहिलं.

परवा त्याच्या महिन्याची मिस्सा झाली. चर्चमधून सगळे घरी आलो, जेवलो. कालवण पूर्वीसारखंच होतं, वहिनींना तसं सांगितलं, त्यांना बरं वाटलं. टीव्हीवर पुन्हा तशीच एक होडी दाखवत होते. पास्कूचा जावई म्हणाला, "गुड. उडवायलाच पाहिजे सगळ्यांना. तात्या, तुम्ही तर हेच म्हणता ना?"

हेच म्हणतो. माझा भाचा गेलाय, माझं मत बदललं असं कोणी समजू नये. पण समोर बघितलं तर पास्कूच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कोणीच नव्हतं. मग मी रिमोट उचलला, आवाज कमी केला आणि जावयाला विचारलं, "आधी सांग, हुकूम देण्यापूर्वी त्याने विचारलं कोणाला?"

तासभर चाललं. जावई इंग्रजीत शिरला, मी हिंदीत. पास्कूच्या नातीने कानाला हेडफोन लावले. वहिनींनी मध्येच येऊन चहा ठेवला आणि माझ्या शेजारी बसल्या, पूर्वी पास्कूच्या शेजारी बसायच्या तशा. जावई काही ऐकेना. चांगलं आहे. येत्या शनिवारी त्याला सुट्टी आहे, मी विचारून ठेवलंय.