बाबा ज्या मातीला गेले नाहीत

आमची माधवनगरची शेड मंदीनं बंद पडली नाही. बाबा एका मातीला गेले नाहीत, म्हणून बंद पडली.

आज शंकरमामा गेले. आमच्या पॉवरलूमचे जॉबर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माग बिघडला तरी मामांना हाक, कामगारांत भांडण झालं तरी मामांनाच. बाबा नावालाच मालक.

बाबा धंद्यात नवखे होते तेव्हा मामांची आई कुंडलहून त्यांच्यासाठीही भाकरी बांधून द्यायची.

ती म्हातारी वारली.

नेमकी त्या दिवशी मुंबईची पार्टी माल बघायला येणार होती. बाबांनी जीप देऊन दिवाणजींना मातीला पाठवलं.

कुंडल काय परदेशात आहे?

दिवसकार्य उरकून मामा कामावर आले. नेहमीसारखे माग लावले. थोड्या दिवसांनी समोरच्या शेडमध्ये गेले. तिथला मालक फाटक्या तोंडाचा, पगारही कमी. पण तो मातीला आला होता, सावडायलाही आला होता.

बाबा त्यांना परत आणायला कुंडलला गेले. मी सोबत होते.

"शंकर, पगार वाढवतो. बोल."

"मालक, पगार मी कवा मागितला?"

"अरे, मी माणूस पाठवला होता की!"

"व्हय. माणूस आलता. च्या घ्या, गार हुतोय."

मग एकेक विणकर मामांच्या मागं गेला. शेडला कुलूप लागलं. बाबा मरेपर्यंत सांगत राहिले, मार्केट पडलं होतं म्हणून.

माझी सून एचआरमध्ये आहे. इमोशनल इंटेलिजन्स, एम्प्लॉयी रिटेन्शन, असलं ट्रेनिंग देते. तिला म्हटलं, पहिल्या स्लाईडवर लिही, मातीला स्वतः जा. ती हसली. मला काही हसू आलं नाही.

आज मी कुंडलला जाऊन आले. मामांच्या मुलानं आधी ओळखलंच नाही. कोणाची कोण ते सांगितल्यावर हात जोडले.

"ताई, आजीची माती आबानं लय येळ थांबवली हुती. मानसं वरडाय लागली, तरी म्हनायचा, मालक येत्यात. मग जीप आली. दिवाणजी एकलेच उतरले. आबा म्हनला, चला, उचला."

हे मामांनी बाबांना कधीच सांगितलं नाही.

मी तिथंच बसले आणि रडले.

शंकरमामा, आज आमच्या घरचं माणूस आलं होतं. फार उशिरा आलं.

शेवटचा नमस्कार घ्या, मामा.