कंपाउंडरकाकांचा भोपळा

एकदा दिलेली वस्तू पुन्हा पुन्हा देता येते, यावर आमच्या शेजारच्या कंपाउंडरकाकांइतकी श्रद्धा साऱ्या रत्नागिरीत कुणाची नसेल. मिशनच्या दवाखान्यातून ते निवृत्त झाले होते. जन्मभर औषधाच्या बाटल्या हलवल्यामुळे त्यांचा उजवा हात बोलतानाही हलत राही. विषय रंगला की कोपरापासून, फारच रंगला तर खांद्यापासून. नाताळात कुणी त्यांना छत्री भेट दिली, तर पाडव्यापर्यंत ती घरं फिरत फिरत पोस्टमनच्या डोक्यावर दिसे. "माझ्याकडे राहून तिचं काय भलं होणार हो?" असं ते मलाच विचारत आणि पावसात खुशाल भिजत.

त्यांच्या देवळाचा, म्हणजे चर्चचा, कापणीचा सण या स्वभावाला फारच मानवे. भात घरात आलं की मंडळी शेतापरसातलं पहिलं फळ देवापुढे ठेवत आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होई. पुकारायचा मान काकांचा. रीत अशी, की घेणाऱ्याने पैसे मोजून वस्तू हातात धरायची, हसायचं आणि परत द्यायची, म्हणजे ती पुन्हा लिलावाला चढे. एकच कोंबडा दिवसभर साऱ्या मंडळीचा होऊन संध्याकाळी आपल्याच खुराड्यात परते.

एका वर्षी वादळात खाडीवरच्या मच्छीमारांच्या होड्या फुटल्या, तेव्हा गावाने त्यांच्यासाठी दानदिवस ठरवला. देवळं, मशिदी, सगळ्यांनी आपापल्या अंगणात काही करावं असं ठरत होतं. सभेत काका उठले, तोच मागून कुणीसं म्हणालं, "तुम्हांला विलायतेहून येतं, तुम्ही काय देणार?" काकांचा हलता हात थांबला. तो थांबलेला मी कधी पाहिलाच नव्हता. घरी येताना म्हणाले, "मास्तर, आमची मंडळी घेणारी म्हणूनच गावाला ठाऊक. एकदा देणाऱ्यांत नाव लागू दे हो."

मग काय विचारता! कापणीचा सण त्यांनी त्याच दिवशी धरला आणि घरोघर आमंत्रणं केली. अंगण फुलून गेलं. काकांच्या मांडवावरचा थोरला लाल भोपळा मंडळीत हातोहात फिरू लागला. तेवढ्यात पावस गावाहून आमच्याकडे आलेले माझे मामा, आंब्यांचे बागायतदार, ईर्षेला पेटले. "एकवार, दोनवार" म्हणताना काकांचा हात खांद्यापासून फिरत होता. भोपळा मामांना सुटला. मामांनी पैसे मोजले, भोपळा खांद्यावर टाकला आणि सरळ आमच्या घरची वाट धरली. काकांचा सगळा दिवस त्या भोपळ्यावर उभा होता, पण पाहुण्याला परत द्या म्हणणार कोण?

मी मामांच्या मागे धावलो. आईने त्यांना ओटीवरच अडवलं होतं. "दादा, त्यांच्या देवापुढे ठेवलेला ना हा? त्यांचा नैवेद्य माझ्या चुलीवर नको." मामा निमूट माघारी वळले. आता चारचौघांत शोभा होणार म्हणून मीही त्यांच्यामागे निघालो. मामा अंगणात शिरले मात्र, काकांनी पुकारा केला, "बघा मंडळी, पाहुण्यांनी आपली रीत पाळली. भोपळा परत दिला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांना धाप लागली होती. आनंदाने असेल, असं मला वाटलं. खरं सांगायची मामांची काय बिशाद? त्यांनी पुन्हा बोली लावली, पुन्हा घेतला आणि या खेपेला हसत परत दिला. मग गावकरीही सरसावले. वकील, दुकानदार, सभेत मागून बोललेले ते गृहस्थसुद्धा भोपळा छातीशी धरून परत करू लागले. दिवेलागणीला सारं गाव खाडीकडे दान घेऊन निघालं, तेव्हा काकांची मंडळी सगळ्यांच्या बरोबरीने चालत होती. मलाही नाचावंसं वाटत होतं.

पुढे काका अंथरुणाला खिळले, तेव्हा एकदा मी भीत भीत म्हटलं, "मामा तो दान म्हणून परत आणत नव्हते, काका."

"ठाऊक आहे. मी तुमच्या दगडी गडग्याच्या पलीकडे उभा होतो. आडवाटेनं धावत आधी पोचलो, म्हणून तर धाप लागली." मग म्हणाले, "पण बाई नैवेद्य म्हणाली हो. आमच्या देवापुढल्या भोपळ्याला नैवेद्य म्हणाली."

हे मी आईला सांगितलं. काका गेल्यानंतरच्या पहिल्या कापणीच्या सणाला तिने परसातला भोपळा माझ्या हाती दिला. "देवळात ठेव. लिलावात तूच घे आणि घरी आण. घारगे करीन."

मी रीत मोडली आणि भोपळा घरी आणला. घारगे फार सुरेख झाले होते. काका असते, तर आपल्या वाटणीचे त्यांनी आळीभर वाटून टाकले असते, म्हणून मीही वाटून आलो. तरी दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं.