आत्याची राजधानी

आमच्या आत्यापुढे कुठलाही विषय काढा, ती फिरून फिरून राजधानीवर यायची. उमेदीची सगळी वर्षं तिने तिथे सरकारी कचेऱ्यांचे झेंडे शिवण्यात घालवली. तिथला वारा म्हणे झेंड्याचं मोकळं टोक कुरतडून टाकतो. मग तेवढं कापायचं, कड दुमडायची, तिहेरी शिलाई मारायची. प्रत्येक दुरुस्तीत झेंडा बोटभर आखूड. "सरकारला पत्ता नाही," म्हणून ती खुदकन हसायची.

नवरा गेला, नजर अधू झाली, काम सुटलं, तशी ती भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, थोडे दिवस म्हणून आली. त्या थोड्या दिवसांत मी शाळा संपवून नोकरीला लागले. आईने तिला कधी वेडंवाकडं बोलून दाखवलं नाही, पण भांडी आदळायला लागली की आत्या गुपचूप गच्चीत जाऊन बसायची.

म्हणून राजधानीतल्या लेकीचा, म्हणजे ताईचा, फोन आला तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. ताईची बाळंतपणाची रजा कधीच संपली होती, रांगत्या बाळाला सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. आठ दिवस ये, जमतंय का बघू, असं ताई म्हणाली. आत्याने आख्खं कपाट बॅगांत कोंबलं. आईने उत्साहाने चेनी लावायला मदत केली, त्याचा मला रागच आला. पोचवायला मी गेले.

बसमधून उतरताच वाऱ्याने आत्याची ओढणी तोंडावर आणली आणि ती लहान मुलीसारखी खूश झाली. ती झेंडे शिवायची त्या कारखान्याच्या जागी गाड्या लावायचं मैदान झालं होतं. तेही तिने मनाला लावून घेतलं नाही.

त्या शहरात घरोघरी एकच नियम: दार उघडं असताना खिडकी उघडायची नाही. ताईला तो आत्यानेच धपाटे घालून शिकवला होता. तिसऱ्या दिवशी आत्याने दूध घेतलं, दार तसंच ठेवलं आणि हवा यावी म्हणून खिडकी उघडली. बाळ उंबऱ्यापाशी होतं. दार आदळलं. बोटं वाचली, एक नख काळंनिळं झालं.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. बाळाला निजवून ती शांतपणे आत्यासमोर बसली.

"आई, तू ये. हवं तेव्हा ये. पण पाहुणी म्हणून ये."

आत्याने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "मग पाहुणीला चहा तरी टाक."

ताई डोळे पुसत आत गेली. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि आत्याकडे बघवेना. आत्या बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत अवघडून बसली होती. माझा हात धरून तिने हळूच विचारलं, "तुझ्या आईला काय सांगू गं?"