बाबांच्या उलट्या प्रदक्षिणा

बाबा सिंगापूरला आले ते नातीला भेटायला, असं त्यांनी विमानतळावर सगळ्यांना सांगितलं. घरी पोचून चहा होईपर्यंत नात भेटून झाली. मग कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "किल्ली कुठाय?" ताकाला जाऊन भांडं लपवणं हे आमच्या घराण्यात नाही.

किल्ली त्यांच्या गाडीची. गाडी पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कव्हर घालून उभी. आणि किल्ली माझ्याकडे, क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मेथीच्या डब्यात. आदल्या दिवाळीला मी पुण्याला गेले होते, तेव्हा येताना ती सरळ पर्समध्ये टाकून घेऊन आले. दुसरी किल्ली बाबांनीच कधीतरी हरवली होती, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

कारण असं घडलं होतं, की बाबांनी सोसायटीच्या गेटमधून गाडी आत घेताना डावीकडचा आरसा खांबावर आपटून मोडला, आणि तसंच पुढे जाऊन वॉचमनची खुर्ची उडवली. वॉचमन चहाला गेला होता म्हणून वाचला. बाबांच्या मते चूक खांबाची. "रंगकाम केलं तेव्हा पुढे घेतलाय त्यांनी तो," हे ते इतक्या ठामपणे सांगत, की सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा खरंच टेप लावून पाहिली. मी म्हटलं, गाडी विकून टाकू. त्यानंतर ते माझ्याशी फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलायला लागले. सिंगापूरच्या हवामानाबद्दल बोलण्यासारखं किती असतं? ऊन आणि पाऊस. आमचे फोन लवकर संपायचे.

तर किल्लीचा विषय मी टाळला, आणि रविवार आला.

आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एक चिनी अंकल राहायचे. नोकरीसाठी काही वर्षं अमेरिकेत काढलेले. तिथून माणसं काय काय घेऊन येतात, अंकल एक वेड घेऊन आले. तिकडे म्हणे लंबगोल ट्रॅकवर नेहमीच्या रस्त्यावरच्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती होतात. सरळ जायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा सरळ, पुन्हा डावीकडे, आणि हे दिवसभर. अंकलना तसं मैदान इथे कोण देणार? त्यांनी बहुमजली कार पार्कचा सगळ्यात वरचा मजला धरला. तिथे उन्हामुळे कुणी गाडी लावत नसे. दर रविवारी ऊन उतरलं की बागेच्या पाइपचा लंबगोल मांडायचा आणि त्यात रिमोटच्या गाड्या पळवायच्या. गाडी दुकानातून आली तशीच पळवायची, मोटरला हात लावायचा नाही. खेळणाऱ्यांनी एका बाजूला प्लास्टिकच्या स्टुलांवर ओळीने उभं राहायचं. आणि कुणी तक्रार केली तर निमूट गाशा गुंडाळायचा.

या मंडळात आमचे हे सामील झाले होते. हे तांजोंग पगारच्या ऑफिसात धोक्यांचं व्यवस्थापन करतात, म्हणजे कुठे काय बिघडेल ते आधीच ओळखून लोकांना सावध करतात. रविवारी पहिल्याच वळणावर यांची गाडी उलटी पडलेली असायची. मी कधी काही बोलले नाही. नुसती बघायचे.

बाबांना आम्ही तिथे घेऊन गेलो. त्यांनी दोन शर्यती हाताची घडी घालून पाहिल्या आणि निकाल दिला. "ही उलटी प्रदक्षिणा आहे."

"म्हणजे?" यांनी विचारलं.

"प्रदक्षिणा उजवीकडून घालतात, जावईबापू. चौकातल्या सर्कललासुद्धा उजव्या हाताला ठेवून वळतात. हे ना देवाच्या नियमात बसत, ना आरटीओच्या."

यांनी ते जमेल तसं इंग्रजीत अंकलना सांगितलं. अंकल मनापासून हसले आणि म्हणाले, हवं तर पुढच्या वर्षी देवासाठी एक सुलटी शर्यत ठेवू. मग त्यांनी आपला रिमोट बाबांपुढे धरला. "यू ट्राय. कॅन, कॅन."

बाबांनी रिमोट हातात घेतला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. किती महिन्यांनी ते काहीतरी चालवत होते. गाडी अर्धी फेरी गेली, पाइपवर चढली आणि आडवी झाली. "पाइप पुढे आला का हो?" मी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

त्या दिवशी जेवताना त्यांनी पैज लावली. "मी एक अख्खी शर्यत कुठेही न ठोकता पुरी करून दाखवतो. दाखवली, तर किल्ली द्यायची आणि गाडी विकायचं नाव काढायचं नाही. नाही जमली, तर विक."

माझी लेक इथल्या ढंगात म्हणाली, "आजोबा, एव्हरीबडी क्रॅशेस, लाह." हे ताटात बघत म्हणाले, "मी यात नाही." मी लगेच हो म्हटलं. तिथे दर रविवारी मुरलेले गडी ठोकायचे, मग बाबांची काय कथा? मला वाटलं, बरं झालं, वाईटपणा न घेता प्रश्न सुटला.

मग बाबांचा सराव सुरू झाला. आम्ही ऑफिसला गेलो की यांची गाडी पिशवीत घालून ते वरच्या मजल्यावर जात. संध्याकाळी आले की मान काळवंडलेली. टोपी घाला म्हटलं तर म्हणत, "टोपीने दिसत नाही." कधी बाल्कनीत उभे राहून काहीतरी पुटपुटायचे. मी यांना म्हटलं, बाबा देवधर्माला लागले. हे म्हणाले, "माझी गाडी त्यांच्या हातात आहे, मीही लागलोय."

शर्यतीच्या रविवारी अंकलनी पाहुणा म्हणून बाबांना पहिलं स्टूल दिलं. यांची गाडी बाबांकडे, म्हणून यांना दुसऱ्या कुणाचीतरी मिळाली. शिट्टी वाजली. सगळ्या गाड्या सुटल्या आणि पहिल्या वळणावर तीन एकमेकींत घुसल्या. त्यात एक यांची होती, हे सांगायला नको.

बाबांची गाडी सगळ्यात मागे, बाहेरच्या कडेने, लग्नाच्या वरातीसारखी चालली होती. बाकीचे आतून भर्रकन निघून जात. कुणी जवळ आलं की बाबा मराठीत म्हणत, "जा बाबा, जा, तुला घाई असेल." गाडी पलीकडच्या लांब बाजूला गेली की त्यांचे ओठ हलायला लागायचे. मला वाटलं, अथर्वशीर्ष चाललंय. मोठ्याने "बाबा, वेग वाढवा, ही काही रहदारी नाही" असं मी ओरडलेसुद्धा. त्यांनी वेग केसभर वाढवला नाही. फेरीमागून फेरी तीच चाल, तेच वळण. हळूहळू बाकीच्यांनी स्वतःची गाडी सोडून बाबांची बघायला सुरुवात केली. आणि काय सांगू, बाबांनी हरावं म्हणून मी आले होते आणि मनात म्हणत होते, आता ठोकू नका, आता एवढं आलात तर ठोकू नका.

त्यांनी ठोकलं नाही. शेवटून दुसरे आले. शेवटून पहिले कोण, ते मी सांगणार नाही, त्यांच्याशी मला संसार करायचाय. अंकलनी बाबांचा हात धरून स्टुलावरून उतरवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी मेथीचा डबा उघडला. पैज म्हणजे पैज. किल्ली पुसून बाबांच्या हातावर ठेवली. मेथीचा वास येत होता तिला. बाबांनी ती ओळखीच्या बोटांनी उलटीपालटी केली. मी म्हटलं, "जिंकलात. एवढा वेळ देवाला हाका मारत होतात, पावला तो."

"देव कुठला? बेचा पाढा म्हणत होतो."

"पाढा कशाला?"

"अगं, पलीकडच्या बाजूला गाडी गेली की मला दिसतच नव्हती. पहिल्या दिवसापासून नाही दिसली. मग सकाळी एकटा असताना पाढ्यावर गणित बसवलं. बे पंचे दहा झालं की वळायचं. एकाच वेगाने गेलं की चुकत नाही. बाकीच्यांचे आवाज येत होतेच."

हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. दोन आठवड्यांनी ते किल्ली खिशात घालून विमानात बसले असते आणि मी हसत निरोप दिला असता. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला इतकं वाईट वाटलं, की पैज मीच हरले असते तर बरं, असं वाटून गेलं, आणि मग आठवलं की हरलेच होते.

बाबांनी माझा हात उघडला, किल्ली त्यात ठेवली आणि वरून मूठ मिटली.

"रस्त्यावर पाढा म्हणून चालत नाही," ते म्हणाले. "विकून टाक. आणि घेणाऱ्याला आधीच सांग, डावीकडचा आरसा नवा घालावा लागेल. मी मोडलाय तो."