कोथरूड ते वाघोली: ताईचा सिनेमा बघायला

रविवारी जायचं ठरलं ते आईमुळे. आठवडाभर कंपनीत स्क्रीनपुढे डोळे फोडून सुट्टीच्या दिवशी आणखी एक पडदा बघायचा मला जराही उत्साह नव्हता. पण सिनेमा आमच्या ताईवर होता. ताई कबड्डी खेळायची. आता वाघोलीच्या एका कॉलेजात खेळ शिकवते. दिग्दर्शकाला तिने सगळी हकिगत दिली आणि एकच अट घातली. मॅचला निघताना ती दारातून आईला 'जय भीम' म्हणायची, तेवढं राहिलं पाहिजे. त्यासाठी नटी आमच्या घरी येऊन दुपारभर दारात सराव करून गेली. आईला ते मोठ्या थिएटरात, चार लोकांत बसून ऐकायचं होतं.

तुम्ही जाणार असाल तर मनपाला बस बदला, आणि पाणी घरून न्या. येरवडा सोडल्यावर आमची बस जी थांबली ती थांबलीच.

"वाघोली कधी येईल हो?" आईने विचारलं.

"वाघोली जागेवरच आहे आजी," कंडक्टर म्हणाला. "आपण कधी पोचतो ते बघायचं."

पोचेपर्यंत माझी कंबर धरली. भूक असेल तर थिएटरबाहेरच्या गाडीवर भजी खाऊन घ्या. आतल्या पॉपकॉर्नचा भाव ऐकून आईने कपाळाला हात लावला. ताई गेटवर उभी होती.

सिनेमा वाईट नाही. चढाया खऱ्या वाटतात. नटी मूळची गोरी. तिला ताईएवढी सावळी करायला मेकअपवाला मिळाला, सावळी मुलगी मात्र मिळाली नसावी. आई मार्केट यार्डात कांदा निवडायची, तेही दाखवलंय. आई कौतुकाने बघत होती. मग तो दारातला प्रसंग आला. नटी वळली, हसली आणि आवाज आला, "येते हं आई."

मागच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "अगदी आपल्यातलीच वाटते नाही, मुलगी?"

मला इतका शीण आला की धड रागही येईना.

इंटरव्हलला ताई म्हणाली, "मला आधीच फोन आला होता. डबिंगमध्ये बदललं म्हणे. सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"किती जणांशी भांडू, तूच सांग."



परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसून बाहेर बघत होती. हिची उगाच एवढी फरफट झाली, असं वाटून मला फार वाईट वाटत होतं.

घरी येऊन चहा टाकला. एवढ्या प्रवासाचं काय चीज झालं, हा विचार करत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "त्या पोरीचं तोंड बघितलंस का?"

"काय झालं?"

"'येते हं आई' म्हणल्यावर तोंड उघडं राहतं. तिचे ओठ मिटले होते, 'भीम' म्हणताना मिटतात तसे. ती बरोबर म्हणली होती गं. आवाज ह्यांनी मागून दुसरा घातलाय." तिने कप खाली ठेवला. "तिला कळव, आईनं बघितलं म्हणून."

नटीचा नंबर माझ्याकडे नाही, ताईकडेही नाही. म्हणून हे इथे लिहिलं.