मुकादम, वायसर आणि दारावरचं पिवळं लेबल

मंगळवारी फर्स्ट शिफ्ट करून पुनावळ्यात घरी आले आणि दारातच थबकले. हॉलच्या फरशीवर रक्ताचे तीन थेंब होते... आणि दोन्ही मांजरं कुठेच दिसत नव्हती.

मुकादम हा आमचा सहा वर्षांचा बोका. घरात कोणी कुठे बसायचं हे तोच ठरवतो, म्हणून हे नाव. वायसर म्हणजे महाळुंग्याला आमच्या कंपनीत नट-बोल्टच्या खोक्यांमागे सापडलेलं वीतभर पिल्लू; बोल्टच्या वॉशरला आमच्याकडे वायसर म्हणतात, म्हणून हे नाव. तिची आई दोन दिवस फिरकलीच नाही... बाहेर कुत्री, आत फोर्कलिफ्ट. शेवटी डब्याच्या पिशवीत घालून मी तिला घरी आणलं.

मंगळवारी तिला ठेवलेल्या बेडरूमचं दार नीट लागलं नव्हतं आणि मुकादम आत घुसला होता. वायसर कपाटामागे सापडली, कान फाटलेला. उचलली तर थरथरत होती.

घरात आई आणि मी, दोघीच. आई भाजी घेऊन आली, तिने ते रक्त पाहिलं आणि पिशवी तिथेच खाली ठेवली. "रविवारपर्यंत बघ बाई. न्हाई जमलं तर आणली तिथं नेऊन सोड. डोळ्यादेखत जीव गेलेला मला बघवायचा न्हाई."

'तिथं' म्हणजे फोर्कलिफ्टच्या वाटेत, हे दोघींनाही माहीत होतं.

वायसरला आणलं त्या पहिल्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. वेगळी खोली, अंथरुणांची अदलाबदल, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवणाच्या ताटल्या. मी इन्स्पेक्शनला आहे, प्रोसेस मोडणं आम्हाला जमतच नाही. नवा माल आला की आधी पिवळं लेबल लावून, तपासून पास होईपर्यंत होल्डवर... मी बेडरूमच्या दारावर खरोखर पिवळं लेबल चिकटवलं होतं!

तरी मुकादम जास्तच बिथरत गेला. दिवसभर दाराशी बसून घशातून गुरगुर... गुरुवारी तर त्याने जेवणाला तोंडही लावलं नाही. कंपनीत माझ्या हातात मापं तपासायचं गेज आणि डोक्यात ते दार. प्रत्येक ब्रेकला आईला फोन करून एकच प्रश्न, "कडी लावलीये ना?"

शुक्रवारी वायसरचा कान दाखवायला चिंचवडला गेले. डॉक्टरांनी विचारलं, तिच्या खोलीतून बाहेर आल्यावर काय करता? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं... साबणाने हात धुते, कपडे बदलते, अदलाबदलीची अंथरुणं आधी धुऊन घेते, दोन्हीकडची फरशी फिनेलने पुसते. आमच्याकडे पार्ट पुसल्याशिवाय पुढे जातच नाही ना.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, मांजरांची ओळख वासावरच होते. तुम्ही ती रोज पुसून टाकताय. तुमच्या बोक्याला स्वतःचं घरसुद्धा परकं वाटत असेल. आणि फिनेल तर मांजरांना बाधतं!"

म्हणजे इतके दिवस ज्या भांडणाला मी घाबरत होते, ते मीच पेटवत होते...

फिनेल गेलं. एरवी कंपनीतून आल्या आल्या भिजत टाकते तो माझा युनिफॉर्म, दोघांचा वास एकत्र लागावा म्हणून न धुता ठेवला. कधी मुकादम झोपतो त्या खोक्यात, कधी वायसरजवळ. त्या वासाने आईने नाकाला पदर लावला.

रविवारी दुपारी युनिफॉर्म बेडरूमच्या उंबऱ्यावर पसरला. दोन टोकांना दोन ताटल्या. वेळ पडली तर मध्ये घालायला आई धान्य पाखडायचं सूप घेऊन उभी... आणि मी कडी काढली.

मुकादम आला. वायसरला बघून फिस्कारला, ती कोपऱ्यात चिकटली. मग त्याने मान खाली घालून युनिफॉर्म हुंगायला घेतला. एक बाही, कॉलर, दुसरी बाही... किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग तिच्याकडे चक्क पाठ करून बसला आणि जेवायला लागला. थोड्या वेळाने वायसरही सरपटत आपल्या ताटलीशी आली.

भीती गेली असं म्हणणार नाही. अजूनही कंपनीत जाताना कडी दोनदा बघते, त्यांना एकटं सोडत नाही. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, महिनाही लागेल.

पण त्या दुपारी आईने दिलेली मुदत तर संपली होती. मी हळूच म्हटलं, "आई... आज रविवार."

"मग?" म्हणाली, आणि सूप खाली ठेवून नखाने दारावरचं पिवळं लेबल खरवडायला लागली.